सलग फळीचा बाक

९ जानेवारी

प्रिय ठकू,

तुला आठवतं का, लहानपणी फुटबॉलच्या सामन्याला आलीस की मध्यंतराच्या आतच तू बाकावर आडवी व्हायचीस? डोकं माझ्या मांडीवर, पाय दादाच्या मांडीवर, आणि मधला सगळा देह पूर्वेच्या स्टँडमधल्या त्या लांबलचक लाकडी बाकावर. आजूबाजूची माणसं घसा फोडून ओरडत असायची आणि तू खुशाल घोरायचीस. तुझ्या कानापासून वीतभर अंतरावरून मी दादाला सामना सांगत असायचे, त्यानंही तुझी झोप मोडायची नाही. गोल झाला की मात्र ताडकन उठून बसायचीस आणि दरवेळी रागावून विचारायचीस, "मला कोणी ढकललं?" कोणीच ढकललेलं नसायचं.

आज पेपरात नव्या स्टेडियमचा फोटो आला. तुझ्या कचेरीचा आराखडा निवडला, असं खाली छापलंय. तुझं नाव नाही, पण ते आम्ही मनात छापून घेतलं. दादाचं बोट धरून मी फोटोवरून फिरवलं, छपराच्या कडेकडेनं. त्याला लागला तो नुसता पेपरच, पण त्यानं बोट बराच वेळ उचललं नाही.

जुनं स्टेडियम या मोसमानंतर पाडणार, याचं मला फार वाईट वाटतं. हे एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. छपराचे पत्रे गळतात, पायऱ्या उखडल्यात, आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. तरुणपणापासून मी ते दार एका पायानं दाबून धरत आले आहे. तेव्हा नवं व्हायला हवंच, आणि ते तू करतेस याचा मला अभिमान आहे.

माझा प्रश्न एकच. नव्या स्टेडियममध्ये दादा कुठे बसणार?

काचबिंदूनं त्याचे डोळे गेल्यापासून मी त्याला सामना सांगते, हे तुला ठाऊक आहे. आमच्या कोपऱ्यात सगळे मला 'रेडिओ' म्हणतात. मिशनच्या शाळेत सिस्टर उच्चारांसाठी आमची जीभ दातांना कुठे लागते ते उभं करून तपासायच्या; त्या कष्टांचा उपयोग असा होईल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. खेळाडू पंचाला काही बोलला की मी सांगते, "तो असंस्कृत शब्द बोलला." दादा म्हणतो, "कोणता ते सांग." मी सांगत नाही. मग मागच्या रांगेतले शिंपीकाका वाकून त्याच्या कानात सांगतात.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर महत्त्वाचं ते नेमकं निसटतं.

तुझी
आत्या


२१ जानेवारी

प्रिय आत्या,

बाबा कुठे बसणार, हा प्रश्न तू विचारशील हे मला माहीत होतं, म्हणून त्याचं उत्तर मी आधीच बांधून ठेवलंय. अजून कागदावर, पण बांधलंय.

पूर्वेच्या स्टँडमध्ये, अगदी मध्यभागी, वरच्या मजल्यावर एक खोली आहे. ज्यांना दिसत नाही किंवा चालवत नाही अशा प्रेक्षकांसाठी. रस्त्यावरून थेट लिफ्ट. मैदानाकडची पूर्ण भिंत काचेची, आत हवा थंड-गरम करायची सोय. मऊ खुर्च्या. प्रत्येक खुर्चीला हेडफोन आणि त्यात सामन्याचं वर्णन करणारा माणूस, तोही अशा वर्णनाचं शिक्षण घेतलेला. पावसात पत्रा गळायचा आणि बाबा कॉलर वर करून बसायचे, ते मी विसरले नाही. ही खोली आराखड्यात पहिल्यांदा मी काढली, बाकीचं स्टेडियम तिच्याभोवती नंतर आलं. निवड समितीलाही तीच खोली सगळ्यात आवडली.

आणि तुलाही आराम. किती वर्षं सामनाभर बोलत राहणार? आता तूही शांतपणे सामना बघ की.

बाबांना हे पत्र वाचून दाखव आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मला कळव. आणि आत्या, फोन का उचलत नाहीस? गेल्या आठवड्यात दोनदा केला. दोन्ही वेळा बाबांनी उचलला आणि तू बाहेर गेल्याचं सांगितलं. तू आणि संध्याकाळी बाहेर? कुठे जातेस, ते तरी लिही.

तुझी
ठकू


२ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तुझं पत्र शिंपीकाकांनी वाचून दाखवलं. माझा चष्मा नेमका दुरुस्तीला गेलाय.

चेहरा कळव म्हणालीस, तर कळवते. लिफ्टपर्यंत दादा हसत होता. काचेपाशी हसू थांबलं. हेडफोन आले तेव्हा तो उठला आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला लागला. ती त्यानं सकाळीच दिली होती. शिंपीकाकांनी विचारलं, "काय हो, आवडलं ना?" तो म्हणाला, "छान आहे. पोरीनं फार मनापासून केलंय." जेवून हात धुताना एवढंच म्हणाला, "जन्मभर दुकानात मी घड्याळं काचेआड ठेवली. आता माझी पाळी."

ठकू, तो तुला हे कधीच सांगणार नाही. तू पाठवलेले गुलाबी मोजे त्यानं वर्षभर कौतुकानं घातले, रंग कोणता ते त्याला मी सांगितलं नव्हतं, पण आवडले नसते तरी घातलेच असते. म्हणून मी सांगते. ती काच काढ.

सामना म्हणजे माझं वर्णन नव्हे. बुटाचा चेंडूवर बसणारा आवाज, गोली बचावपटूंना घालतो त्या शिव्या, पत्र्याखाली घुमणारा कोलाहल, हे सगळं त्याला लागतं. तुझ्या खोलीत तो सुखात बसेल आणि सामन्याला मुकेल. हल्ली मला फार वाटतं की कोणी सांगणारं नसलं तरी त्याला सामना कळला पाहिजे. सांगणाऱ्या माणसाचा काय भरवसा? कधी सर्दी, कधी पडसं.

पुढच्या महिन्यात सूचना आणि हरकतींसाठी सभा आहे, असं पेपरात आलंय. मी जाणार आहे.

आत्या


१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू रागावू नकोस, पण मीही थोडी रागावणार आहे.

जुन्या जागेचा प्रत्येक खिळा माणसांना हवा असतो, हे आमच्या धंद्यात आम्ही रोज ऐकतो. पत्र्याखालचा कोलाहल म्हणजे खरं तर छप्पर चुकीचं बांधल्याची खूण आहे. तू ज्याला सामना म्हणतेस त्यातलं निम्मं सामना नाहीच, ते तुमचं तरुणपण आहे. ते मला कसं बांधता येईल?

तरीही मी काच काढली. समितीला आवडलेली खोली वरच राहील, ज्यांना हवी ते तिथे बसतील. बाबांसाठी खालच्या भागात, मैदानाला अगदी लागून, उघड्यावर जागा केली. स्वतंत्र खुर्च्या, पाठीला आधार, हाताला आधार, दोन खुर्च्यांमध्ये मोकळी जागा, म्हणजे कोणाचा धक्का लागायला नको. ध्वनितज्ज्ञाला विचारलं, तिथे बुटाचा आवाज आत्तापेक्षाही स्पष्ट येईल. हेडफोन ज्याला हवा त्यानं घ्यावा. आता तरी खूश?

एक विनंती आहे. सभेला जाऊ नकोस. आराखडा करणारीची सख्खी आत्या उठून हरकत घेते, ही बातमी होईल आणि कचेरीत माझं हसं होईल.

चष्मा दुरुस्तीला गेला असताना तू एवढं मोठं पत्र इतक्या वळणदार अक्षरात कसं लिहिलंस, हे मला अजून कळलेलं नाही.

ठकू


६ मार्च

ठकू,

सभेला गेले. तुझं-माझं नातं कोणाला सांगितलं नाही. माझं म्हणणं कागदावर लिहून नेलं होतं, ते शिंपीकाकांनी वाचलं. ते फार वाईट वाचतात. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि जुन्या आठवणींचं एक दालन करू म्हणाले. दालन! आम्ही अजून जिवंत आहोत.

भांडण नको. तू फक्त एकदा ये. या महिन्याच्या शेवटी आपल्या मैदानावर सामना आहे. माझ्या आणि दादाच्या मध्ये बस, डोळ्यांना माझी ओढणी बांध, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत सोडू नकोस. नंतर तू म्हणशील ते मला मान्य.

आत्या


३० मार्च

प्रिय आत्या,

गाडीतच लिहायला घेतलंय. अक्षर हलतंय ते त्यामुळे, आणि थोडं दुसऱ्याही कारणानं.

आधी सामन्याचं सांगते. मी गाडीवरून थेट स्टँडमध्ये आले, सामना सुरू व्हायच्या बेतात होता, बोलायला वेळच नव्हता. तू ओढणी बांधलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता तू बाबांना सांगशील आणि मीही ऐकेन. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, आणि तू बोललीच नाहीस. मी दोनदा म्हटलं, "आत्या, सांग ना." तू माझा हात दाबून गप्प. मला वाटलं, मला धडा शिकवतेस. मी चिडले. आवाज चारी बाजूंनी एकदम येत होते. बुटाचा आवाज आला, पण कोणाचा, कुठून, काही पत्ता नाही. ध्वनितज्ज्ञानं सांगितलेलं सगळं खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी हरवलेच होते.

मग बाबा अगदी सहज म्हणाले, "आता उजवीकडून येतील."

मी विचारलं, "कशावरून?"

त्यांनी माझा तळवा धरला आणि बाकाच्या फळीवर उपडा ठेवला. ते कायम दोन्ही हात असे मांडीच्या बाजूला फळीवर टेकून बसतात. मला आजवर वाटायचं, तोल जाऊ नये म्हणून.

आत्या, तो बाक म्हणजे रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग फळी आहे. चेंडू उजवीकडे गेला की सगळी रांग उजवीकडे झुकते आणि फळी त्या बाजूला किंचित दबते. आपल्या माणसाकडून चेंडू सुटला की सगळ्यांच्या पाठी एकदम ढिल्या पडतात, तेही खाली कळतं. कॉर्नर मिळाला की कोणी हलत नाही आणि लाकूड गप्प होतं. मग टाचा उचलल्या जातात. वजन पुढे सरकतं. फळी वर यायला लागते, आणि आरडाओरड होते ती त्याच्यानंतर. मला आधी कळलं, आत्या. ऐकू यायच्या आधी मला गोल कळला आणि मी उडाले, आणि तोंडातून शब्द गेले, "मला कोणी ढकललं?"

बाबा हसून हसून खोकायला लागले.

मी त्यांच्यासाठी काय काढलं होतं? स्वतंत्र खुर्ची. दोन खुर्च्यांमध्ये मोकळी जागा. कोणाचा धक्का लागायला नको म्हणून.

आता दुसरं. सामना संपल्यावर मी ओढणी सोडली आणि विचारलं, का नाही बोललीस. तू तोंड उघडलंस आणि जो आवाज निघाला तो तुझा नव्हता. म्हणजे फोन म्हणून उचलत नव्हतीस. म्हणून शिंपीकाका पत्रं वाचतात. बसथांब्यावर तू घशाकडे बोट दाखवून "गाठ आहे, काढणार" एवढंच म्हणालीस, जसं काही दाताबद्दल बोलतेस. मी तुझ्यावर रागावून पत्रं लिहीत होते आणि तू चष्म्याच्या थापा मारत होतीस.

तिसरं लिहू की नको, यावर तीन स्टेशनं गेली. लिहिते. तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा मी बाबांना विचारलं, फळीवरून कधीपासून कळतं? ते म्हणाले, डोळे गेले त्या पहिल्याच मोसमापासून. मी म्हटलं, मग आत्या इतकी वर्षं सांगत होती ते? ते म्हणाले, "तुझे आतोबा गेले आणि ती आपल्याकडे राहायला आली, तेव्हा ती बोलायचीच नाही गं. पाणी हवंय का विचारलं तर मान हलवायची. आणि मला तिची मान दिसत नव्हती. म्हणून म्हटलं, मला सामना सांग."

त्यांनी हे तुला सांगू नकोस म्हटलं नाही. म्हणून सांगितलं.

बाक मी करणार आहे. कसा ते माहीत नाही. पण करणार.

ठकू


८ एप्रिल

प्रिय ठकू,

तुझं पत्र मी स्वतःच वाचलं, दारामागे उभं राहून. चष्मा माझ्याकडेच आहे, कधी गेलाच नव्हता.

आधी मला राग आला. इतकी वर्षं मी घसा खरवडला, पावसापाण्यात, तापात, आणि या माणसाला चेंडू माझ्या आधी कळत होता. मी बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिले. आवाज फुटेना, म्हणून टेबलावर हात आपटला. त्याला लगेच कळलं. म्हणाला, "ठकूनं चुगली केली वाटतं."

मी कसंबसं विचारलं, "मग माझं ऐकत का होतास?"

तो म्हणाला, "बाक चेंडू सांगतो. माणसं कुठे सांगतो? त्या गोलीची आई गेटपाशी उभी राहून बघते, आत येत नाही, हे मला बाकानं सांगितलं का? पंचाच्या बुटाची नाडी सुटलीय आणि सांगायची कोणाची हिंमत नाही, हे सांगितलं का? ते तू सांगितलंस."

मग म्हणाला, "आता तू पुन्हा मान हलवशील आणि मला दिसणार नाही." मी त्याच्या खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. तो म्हणाला, "हो, हे चालेल." तेव्हापासून आमच्या घरात टेबलं, खुर्च्या, दारं वाजतात. हो म्हणजे एक टिचकी, नाही म्हणजे दोन. शेजारीण विचारत होती, सुतार लावलाय का.

तर आता नीट ऐक. डॉक्टर म्हणाले, नुसती गाठ काढून भागणार नाही, स्वरयंत्रच काढावं लागेल. मे महिन्यात. मी मरत नाहीये, गप्प होणार आहे. पुढे यंत्र लावून थोडं बोलता येतं म्हणे, पण ते दूरचं. तुझी काच, तुझ्या खुर्च्या यांच्यावर मी हट्टानं तुटून पडले, कारण मला वाटत होतं, माझ्यामागे दादा सामन्यात एकटा पडेल. तो एकटा पडणार नाही, हे आता कळलं. पण बाक नसेल तर पडेल. आणि मीसुद्धा. त्याच्या शेजारी वेगळ्या खुर्चीत गप्प बसलेली मी, आहे की नाही हे त्याला कसं कळणार? एका फळीवर असले तर कळेल. मी नुसती कूस बदलली तरी कळेल.

म्हणून बाक हवा. आठवण म्हणून नको. समितीत कोणी 'आठवण' हा शब्द काढला तर मान्य करू नकोस, नाहीतर त्याचंही दालन करतील.

आणि रडत बसू नकोस. काम कर.

आत्या


४ मे

प्रिय आत्या,

समितीची बैठक झाली. तू तपासण्यांसाठी दवाखान्यात होतीस आणि मला संध्याकाळच्या गाडीनं परतावं लागलं, म्हणून भेट झाली नाही. बाबांनी तुला सांगितलं असेलच, पण ते स्वतःचा भाग गाळतात, तेव्हा सगळं लिहिते.

आधी आमच्या अभियंत्यानं जुन्या बाकाची एक फळी आणून, तिच्यावर आगरोधक लेप देऊन नमुना उभा केला. मी बसून बघितलं, तर बाक दगडासारखा. मुका. मी घाबरले. मला वाटलं, जुन्या जागेतच काहीतरी होतं आणि ते उचलून आणता येत नाही. मग खाली वाकून बघितलं. प्रत्येक आधारावर त्यानं रबराची गादी बसवली होती. तो म्हणाला, ती तर बसवायचीच असते, नाहीतर बाक थरथरेल. बरोबर आहे त्याचं. मीही तेच शिकले आहे. आमच्या धंद्यात थरथर म्हणजे दोष. मी म्हटलं, "सगळ्या काढ." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी छप्परच काढायला सांगितलंय. पण काढल्या, आणि फळी बोलायला लागली.

बैठकीत जे व्हायचं तेच झालं. खुर्च्यांवर जाहिराती लावायच्या आहेत. बाकावर क्रमांक कसे टाकणार? पाठ टेकायला नाही. जुन्या आठवणींसाठी एवढं कशाला? मी तुझं वाक्य वापरलं: ही आठवण नाही, ही सोय आहे, जशी लिफ्ट. कोणी हललं नाही. तेव्हा मी सगळ्यांना तिथेच मांडलेल्या नमुन्याच्या बाकावर बसवलं, हात फळीवर ठेवायला लावले आणि डोळे मिटायला सांगितले. अध्यक्ष उघड्या डोळ्यांनी बघत होते, म्हणून त्यांना माझा रुमाल दिला. तो त्यांनी निमूट बांधला. मी अभियंत्याला खूण केली. तो दुसऱ्या टोकाला होता, नुसता एका बाजूला झुकला.

अध्यक्ष म्हणाले, "तिकडे कोणीतरी सरकलं."

बाबांना मी बरोबर नेलं होतं, ते अध्यक्षांच्या शेजारीच बसले होते. अध्यक्षांनी रुमाल न सोडताच विचारलं, गोल झालेला तुम्हाला यावरून कळतो का? बाबा म्हणाले, "गोल झालेला कोणालाही कळतो, साहेब. होणार आहे, हे मला बाक सांगतो."

खोलीत बराच वेळ कोणी डोळे उघडले नाहीत.

सगळं मिळालं नाही. वरच्या मजल्यावर खुर्च्याच येतील, जाहिरातींसकट. पण पूर्वेच्या स्टँडचा खालचा सगळा भाग बाकांचा, प्रत्येक रांगेला एक सलग फळी. लाकूड जुन्याच बाकांचं, जेवढं धड निघेल तेवढं. क्रमांकाच्या पट्ट्या फळीला स्क्रूनं. रबर नाही. हे मी आराखड्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सही घेतली, नाहीतर बांधताना कोणीतरी भला माणूस प्रेमानं बसवेल.

आणि बायकांच्या स्वच्छतागृहांना आतून कड्या. भरपूर.

शेवटच्या सामन्याला मी येते. ऑपरेशनलाही.

तुझी
ठकू


१९ मे

प्रिय ठकू,

परवाचा शेवटचा सामना आपण हरलो, त्यामुळे डोळे पुसायला सगळ्यांना चांगलं निमित्त मिळालं. तू बांधलेली ओढणी अजून माझ्या पिशवीत आहे. तिला तुझ्या डोळ्यांचं काजळ लागलंय, धुतलेली नाही.

उद्या सकाळी ऑपरेशन. सामन्याहून परत गेलेली तू पुन्हा पोचशील तेव्हा मी आत गेलेली असेन, आणि बाहेर येईन तेव्हा बोलता येणार नाही. म्हणून जुन्या स्टेडियममधून आणि माझ्याकडून कोणाला काय द्यायचं, ते इथे लिहून ठेवते. यात बदल करू नकोस.

आमच्या रांगेची फळी नव्या स्टँडमध्ये मैदानापासून तिसऱ्या रांगेला बसव. आत्ता ती तिसरीच आहे. कापायची नाही, जोडायची नाही. कडेचा टवका उडालाय तो तसाच ठेव, दादाचा अंगठा तिथे बसतो.

चौथ्या रांगेची फळी मध्ये कुजलीय, ती नव्या बाकाला चालणार नाही. तिचा एक धड तुकडा शिंपीकाकांना दे, ते कापड कापायच्या टेबलाला लावणार आहेत. माझ्या घशाच्या गोळ्यांची डबीही त्यांनाच. यापुढे ओरडायचं काम त्यांच्याकडे आहे.

तू काढलेल्या रबराच्या गाद्या अध्यक्षांना दे, वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खुर्चीखाली घालायला. सोबत माझे आभार. रुमाल बांधून घेतल्याबद्दल, खरे आभार.

बायकांच्या स्वच्छतागृहाचं ते दार कोणालाही देऊ नकोस. जाळ.

माझी दुर्बीण तुला. डाव्या बाजूचं चाक घट्ट आहे, जोर लावू नकोस.

दादाच्या उजवीकडची जागा, जिथून मी सांगायचे, तीही तुला. जमेल त्या सामन्यांना गाडी पकडून ये. चेंडू कुठे आहे ते सांगायची गरज नाही, ते त्याला कळतं. माणसं सांग. गेटपाशी कोण उभं आहे, कोणाचा चेहरा पडला, नवा गोली घाबरलाय का. असंस्कृत शब्द विचारले तर सांगायचे की नाही, ते तुझं तू ठरव. 'रेडिओ' हे नावही तुझ्याकडेच येईल, ते मागावं लागणार नाही.

डावीकडची जागा माझी. ती कोणाला द्यायची नाही. मी बरी होऊन येते आहे.

आणि नव्या स्टेडियममधला पहिला गोल दादाला. त्या वेळी तू एका बाजूनं ऊठ, मी दुसऱ्या बाजूनं उठते. त्याला कोणी ढकललं, ते त्याचं त्याला ओळखू दे.

तुझी
आत्या